मत विचारायला गेलेली बाई

मुलं शाळेत जायला लागल्यावर दुपारचं घर मला खायला उठायचं. म्हणून मी लोकांची मतं गोळा करणाऱ्या एका लहानशा कंपनीत रोजंदारीवर काम धरलं. प्रश्नावली घेऊन दारोदार हिंडायचं आणि उत्तरांवर खुणा करायच्या. साबण कुठला वापरता, टीव्हीवर काय बघता, पुढच्या वेळी कोणाला निवडून द्याल. माझा स्वभाव मुळातच भोचक, त्यामुळे काम मानवलं. नवरा म्हणायचा, इतकी वर्षं या चौकशा तू फुकट करत होतीस.

त्या काळात सरकार पूर्वेकडच्या देशांशी मुक्त व्यापाराचे करार करायला निघालं होतं. दिल्लीतल्या आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत या विषयावर मत नसलेला माणूस शोधून सापडला नसता. संध्याकाळी क्वार्टरसमोरच्या पार्कात नवऱ्याचे ऑफिसातले मित्र जमायचे. एक म्हणायचा, दारं उघडल्याशिवाय आपले कारखानदार सुधारायचे नाहीत. दुसरा म्हणायचा, देश विकायला काढलाय. दिवाळीत दोघांच्याही बाल्कनीत सदर बाजारातून आणलेल्या चिनी माळा लुकलुकायच्या, आमच्याही. करार झाला काय आणि मोडला काय, आमच्यापैकी कोणाच्याही नोकरीला धक्का लागणार नव्हता. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मला आमचा पार्क फार जागरूक वाटायचा.

मग आमच्या कंपनीला याच विषयावरचं काम मिळालं. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखानदारांच्या एका संघटनेला कामगारांची मतं हवी होती. करार झाला तर बाहेरचा स्वस्त माल येईल, आमचे कामगार घाबरलेत, असं त्यांना मंत्रालयाला दाखवायचं होतं. माझ्या वाट्याला दिल्लीबाहेरचं, कारखान्यांनी वेढलेलं मानेसर आलं. रविवारी सकाळी धौला कुआँवरून बस पकडायची, हायवेवर उतरून शेअर ऑटोनं गावात जायचं. तिथे जमीनदारांनी शेतांत ओळीनं खोल्या बांधून कामगारांना भाड्यानं दिल्या होत्या. रविवारी सगळे घरी असायचे, कपडे धूत किंवा झोपलेले.

बहुतेकांना या कराराचं काहीच पडलेलं नव्हतं. ‘बड़े लोग जो करेंगे, ठीक ही करेंगे,’ असं म्हणून मोकळे व्हायचे. ‘सांगता येत नाही’वर फार खुणा झाल्या की सुपरवायझर बाई रागवायच्या, म्हणून मी लोकांकडून उत्तर जरा उकरून काढायची. त्यात माझा हातखंडा होता.

एका खोलीच्या दारात मी हिंदीत सुरुवात केली, तर आतला माणूस माझ्या हिंदीवरूनच ओळखून मराठीत म्हणाला, ‘ताई, आत या.’ तो मराठवाड्यातला होता, पस्तिशीचा. आयटीआय करून इकडे आलेला, एका सुट्या भागांच्या कारखान्यात सहा वर्षं ठेक्यावर. बायको आणि मुलगी गावी. त्या वर्षी आपल्याला परमनंट करतील अशी त्याला आशा होती. परमनंट झालं की दोघींना इकडे आणायचं, मुलीला शाळेत घालायचं, हे सगळं त्यानं पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. कोपऱ्यात त्याचा साथीदार कणीक मळत होता. दोघे एकाच गावचे, एकाच कारखान्यातले, तीन वर्षं एका खोलीत राहणारे.

नियमाप्रमाणे मी वाचून दाखवलं की उत्तरं गुप्त राहतील. नंतर तपासणीला उपयोगी पडतं म्हणून वर नाव आणि कारखाना लिहून घेतला. प्रश्न असा होता: करारामुळे परदेशी माल आला तर तुमच्या नोकरीला धोका आहे असं तुम्हाला वाटतं का?

तो हसला. म्हणाला, ‘आत्ता येत नाही का, ताई? पार्ट बाहेरूनच येतात. आम्ही त्यांचं नाव घासून काढतो, आपला शिक्का मारतो आणि आपल्या खोक्यात भरतो. चार महिने आम्हा दोघांना हेच काम आहे. आणि मालक सरकारला सांगतो, बाहेरचा माल अडवा.’

साथीदारानं मान वर न करता म्हटलं, ‘कशाला सांगतोस हे सगळं?’

‘आपल्याच ताई आहेत,’ तो म्हणाला.

फॉर्मच्या शेवटी शेऱ्यासाठी रिकामी जागा असायची. उत्तर देणाऱ्याच्या शब्दांत लिहा, असं आम्हाला शिकवलं होतं. बाकीच्या मुली तिथे दोन शब्द खरडायच्या. मी त्याचं बोलणं जसंच्या तसं मराठीत लिहून काढलं, शिक्का, खोकं, मालक, सगळं. इतकं जिवंत उत्तर मला कधी मिळालं नव्हतं.

ऑफिसात मराठी कोणालाच वाचता येत नव्हतं. सुपरवायझर बाईंनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या की वाचता येत नसेल तर सोडून देऊ. तो कागद तिथेच गठ्ठ्यात गेला असता. मीच म्हटलं, सोडू नका, मी भाषांतर करून देते. घरी बसून दोन वेळा खाडाखोड करून चांगलं नेटकं इंग्रजी केलं आणि फॉर्मला टाचून दिलं. आठवडाभरानं बाई म्हणाल्या की संघटनेनं शेऱ्यांचे सगळे फॉर्म मागवून घेतले आणि तुझ्या त्या फॉर्मबद्दल खास विचारलं. मला भीती वाटायला हवी होती. मी मात्र घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की माझं काम वरपर्यंत पोचलं. त्या दिवशी मी श्रीखंड आणलं होतं. हे लिहिताना अजूनही माझी मलाच शिसारी येते.

करारावर सह्या झाल्या. पार्कात त्यावर दोन संध्याकाळी गरमागरमी झाली आणि मग विषय क्रिकेटवर गेला. काही महिन्यांनी आमच्या कंपनीला दुसऱ्या फेरीचं काम मिळालं. तीच माणसं, तेच प्रश्न, मत बदललं का ते बघायचं.

तो खोलीत एकटाच होता. एक पलंग गेला होता आणि त्या जागी दोरीनं बांधलेली ट्रंक होती. मला बघून उठला, बसायला स्टूल दिलं. पहिल्या फेरीनंतर महिनाभरात मॅनेजरनं त्याला बोलावून गेटपास काढून घेतला होता. तू बाहेर काय बोलतोस ते आमच्यापर्यंत येतं, एवढंच म्हणाला. त्यानंतर आसपासच्या कुठल्याच कारखान्यानं त्याला उभं केलं नाही. आता चार दिवसांनी तो गावी परत जाणार होता. मुलीला काय सांगायचं ते अजून ठरलं नाही, असंही म्हणाला. तिच्यासाठी इथल्या शाळेत चौकशी करून ठेवली होती.

मी प्रश्नावली मांडीवर धरून बसले होते. काय झालं असणार ते मला कळलं होतं, पण आणखी काही कारण निघावं म्हणून वाट बघत होते.

त्यानं विचारलं, ‘ताई, त्या कागदावर तुम्ही माझं बोलणं लिहिलं होतं का?’

आवाजात राग नव्हता. असता तर मी कदाचित खरं बोलले असते.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘आम्ही फक्त खुणा करतो.’

त्यानं मान हलवली. मग सांगायला लागला. हे बोलणं ऐकणारे दोनच जण होते, मी आणि साथीदार. साथीदार त्याच महिन्यात परमनंट झाला. यानं त्याची कॉलर धरली, सामान बाहेर फेकलं. तो आईची शपथ घेत होता की मी कोणाला काही बोललो नाही. गावाकडे दोघांच्या घरांची भिंत एक आहे, आता तिकडेही बोलणं बंद झालंय. साथीदार दोनदा दारात येऊन उभा राहिला, यानं दार लावून घेतलं.

मी तेव्हाही सांगू शकले असते. तोंड उघडलंसुद्धा, आणि म्हटलं, ‘प्रश्न विचारू का?’

त्यानं सगळ्या प्रश्नांना ‘सांगता येत नाही’ हेच उत्तर दिलं. या वेळी मी उकरलं नाही. खाली सही घेतली. मी नको नको म्हणत असताना त्यानं स्टोव्हवर चहा ठेवला आणि मी तो प्यायले.

मला सोडायला तो ऑटोपर्यंत आला. म्हणाला, ‘तुम्ही आलात ते बरं झालं, ताई. इतके दिवस रात्र-रात्र वाटायचं, आपण त्याला उगाच तर बाहेर काढलं नाही?’