उरलेला भात

शाळेतल्या एका पोरीच्या घराची अर्धी वाट सरली तरी मावशींनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. सोबत चाललेल्या वर्गाच्या बाईंना नवल वाटलं. एरवी शाळेच्या स्वयंपाकघरात मावशींच्या जिभेला उसंत नसे. पातेली अशी लख्ख घासायच्या की मुली त्यात बघून केस नीट करत. "बघा गं, दात दिसतात का? नाहीतर पुन्हा घासते!"

"मावशी, पाय दुखतात का?"

"पाय कसले! ती पोर तीन दिवस शाळेत नाही. जेवणाला कधी न चुकणारी."

दुसऱ्या कुठल्याशा शाळेत शिळं खाऊन मुलं आजारी पडली, तेव्हापासून वरून हुकूम होता : उरलेलं कुणाला द्यायचं नाही. मावशी हुकमाला पक्क्या. उरलेला भात मागच्या बादलीत ओतायचा आणि कुणी तोंड लावू नये म्हणून वरून भांड्यांचं साबणाचं पाणी. हा त्यांचा नेमच होता.

पत्र्याच्या खोलीत पोरगी धाकट्या बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आई कामावर. धाकटी ओकून ओकून पिवळी पडलेली. तिचं शाळेचं वय झालेलं नव्हतं, म्हणजे तिच्या नावाचं ताट कुठेच नव्हतं.

"काय खाल्लं गं हिनं?"

"तुमचाच भात, मावशी. बादलीतला." पोरगी घाबरून भराभर बोलू लागली. "मी रोज तीन पाण्यांनी धुते, फेस जाईपर्यंत. त्या दिवशी नळ लवकर गेला."

बाईंनी धाकटीच्या कपाळाला हात लावला. रोज? मावशी स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिल्या. "देवा, ह्याच हातांनी…"

मग त्याच हातांनी त्यांनी धाकटीला उचललं.

दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलीत, वाचली. बाईंनी डोळे मिटून हात जोडले. बाकावर शेजारी बसलेल्या मावशी त्यांच्याकडे वळल्या. मग हळूच म्हणाल्या,

"बाई, वाढायच्या आधी रोज तुम्ही एक घास चाखता. तुम्ही चाखलात की तो भात पोरांना चालतो. मग शाळा सुटताना उरलेलाही एकदा चाखाल? सगळ्यांसमोर. चांगला म्हणालात तर मी डब्यात भरून पोरीकडे देईन. वरून बोलणी बसली तर दोघींना बसतील. चाखाल ना?"