मागून होकार देणारा

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर तो मसुरे गावचा म्हातारा रोज माझ्या शेजारी बसायचा. आत माझी आई होती आणि त्याची बायको. 'मला यंत्रावर ठेवू नका,' असा कागद त्याच्या बायकोनं शुद्धीत असताना केला होता, पण यंत्र काढायला डॉक्टरांच्या मंडळाची मंजुरी यायची होती. चप्पल काढून, डोळे मिटून तो देवाला गाऱ्हाणं घालायचा, "हिका आता मोकळी कर रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला मागून कुणीतरी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. तिथे मीच होतो. माझ्या तोंडून होकार निघेना.

"माका ती व्हयीच रे," तो एकदा म्हणाला, "पण तिका ह्यां नको."

एका सकाळी तो आला नाही; आत तिच्या खाटेवर दुसरंच कुणी होतं. आठवड्यानं आईसाठी मी तेच गाऱ्हाणं घातलं आणि बाकावरच्या त्याच्या रिकाम्या जागेकडे कान लावून बसलो.