पांढरं आधी घालून बघायचं नाही

मनांग सेंदा गेली त्याला आता महिना होईल. इथं मोठ्या बहिणीला मनांग म्हणतात, पण तिला सगळा गावच म्हणायचा. शवपेटीवर फोटो ठेवला तो पांढऱ्या झग्यातला, डोक्यावर चौकोनी टोपी, एका हातानं झगा वर धरलेला. तोच ठेवा म्हणून तिनं बजावलेलं. हात असा का, ते सांगते.

फिलिपिन्समधल्या आमच्या मिआगाओत नवरीचा पोशाख शिवावा तर सेंदानंच. बारावी पास पोरापोरींचे समारंभाचे पांढरे झगेपण तीच शिवायची. पोरं मंचावर चढायची, आणि ही खाली उभी राहून घेर सरळ पडतोय का ते बघायची. स्वतःची शाळा दहावीनंतर सुटलेली. तसला एक झगा आपल्या अंगावर पडावा, एवढंच तिच्या मनात होतं.

शनिवारी मोठ्या माणसांची शाळा भरायची. तिथल्या मॅम दिव्हिना म्हणाल्या, "मनांग, शिवणकाम बारावीत धरतात की! सरकारी केंद्रात शिवणाचा कोर्स करा, हाताची परीक्षा द्या, ते बारावीला लागू होतं. गणित-इंग्रजीचं मी बघते."

नवरा तिमो मासेमारीवाला. तो खो खो हसला. "सुई चालवून बारावी? मग मला मासे धरून डॉक्टर करा."

"तू आधी आंघोळ कर, मग डॉक्टरचं बघू."

गणित-इंग्रजी रडतखडत निघालं. राहिली हाताची परीक्षा. ब्लाउज शिवायचा आणि बाईच्या अंगात घालून दाखवायचा. परीक्षक सर ओलिव्हेरोस यांनी कापड दिलं ते पांढरं, आणि घालायला उभी केली गावातल्याच जेनलिनला. जेनलिनचं लग्न तोंडावर आलेलं. ब्लाउज झाला झकास, पण सेंदा काही तो हातातून सोडेना.

"घाला की तिला," सर म्हणाले.

"नाही सर. लग्न ठरलेल्या पोरीनं पांढरं आधी घालून बघितलं की लग्न मोडतं."

"अहो, साधा ब्लाउज आहे!"

"पांढरं ते पांढरं."

"मनांग, मला चालेल," जेनलिन म्हणाली.

"तुला चालेल गं, पण तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

सरांनी निकाल दिला, अजून पात्र नाही. म्हणजे बारावीपण अडली. घरी येऊन सेंदा मशीनवर डोकं ठेवून रडली. तिमो म्हणाला, "वा! पोरीचं लग्न वाचवलंस आणि आपली बारावी मोडलीस." पण त्या दिवशी भात त्यानंच लावला.

पुन्हा परीक्षा लागली तेव्हा सर आधीच म्हणाले, "या वेळी घालणारी तुम्हीच आणा." कापड पुन्हा पांढरंच. सेंदा घेऊन आली ती मठातल्या सिस्टर पर्पेतुआंना!

सर बघतच राहिले. "या?"

"यांचं देवाशी कधीच लागलंय सर. आता काय मोडतंय?"

सिस्टर म्हणाल्या, "आणि मोडलंच, तर देवाला तुमचं नाव सांगीन हो सर." पडद्यामागं गेल्या, ब्लाउज घालून आल्या. खांद्याला एक सुरकुती नाही. सर हसत हसत म्हणाले, "पात्र!" सेंदानं आधी सिस्टरांना मिठी मारली, मग सरांना, मग दारातल्या वॉचमनला.

मग तिनं झगा शिवला, स्वतःचा. तिमो म्हणाला, "घालून तरी बघ."

"पांढरं आहे."

"अगं, तुझं लग्न होऊन जमाना झाला!"

"तरीपण."

आणि व्हायचं तेच झालं. जगाची मापं घेणारी, आपलंच माप अंदाजानं घेतलेलं. समारंभाच्या दिवशी झगा पायात लोळायला लागला. आमच्याकडं पास झालेल्याबरोबर घरचं माणूस चालतं, तसा तिमो चालला, इस्त्रीचा शर्ट घालून. "रोसेंदा नापुलान!" नाव पुकारलं, तशा तिनं सजवलेल्या सगळ्या नवऱ्या खुर्च्यांवरून उठल्या. जेनलिनपण, कडेवर बाळ घेऊन. टाळ्या थांबेनात.

तिमो कानाशी लागला, "लग्नातपण असाच लोळत होता तुझा झगा."

सेंदानं एका हातानं झगा उचलला, पायरी चढली. "टिकलं ना मग?"