आठव्या भागाची पावलं

माझी मावशी तीसेक वर्षं एका हिरोचे पाय होती. असं मी कोणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग माझ्या आईकडे बघतो, मुलगी बरी आहे ना म्हणून. तर नीट सांगते. पडद्यावर माणूस चालतो तेव्हा ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा त्याची नसतात. शूटिंगच्या गोंधळात तो आवाज स्वच्छ मिळत नाही. म्हणून नंतर एका बंद खोलीत कोणीतरी पडद्याकडे बघत, पावलाला पाऊल जुळवून चालतं, आणि तो आवाज चित्राला जोडतात. हे कोणीतरी म्हणजे आमची मावशी. अंगापिंडाने एवढीशी, आवाज चढा, नाकावर माशी बसू न देणारी. पुरुषी बुटांत पुढे मोजे कोंबून ती खडी भरलेल्या ट्रेमध्ये उभी राहायची आणि भल्याभल्या खलनायकांवर चालून जायची.

हाणामारीही तीच करायची. ओला टॉवेल जुन्या कातडी कोटावर आपटला की ठोसा, कोबीचा दांडा पिळून मोडला की हाड. तलवारींसाठी आईची उलथणी जायची आणि वाकडी होऊन परत यायची. मावशी कोबी घेऊन आली की आई दारातच विचारायची, हा खायचा आहे की मोडायचा.

त्या हिरोच्या पिक्चरचा पहिला भाग आला तेव्हा मी शाळेत होते. त्यात हिरो गच्चीवरून धावत्या ट्रकवर उडी मारतो आणि खलनायकाचा कायमचा निकाल लावतो. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं होतं. आमच्या घरची पद्धत मात्र वेगळी होती. हिरो चालू लागला की आम्ही सगळे डोळे मिटून घ्यायचो, कारण आम्हाला मावशी ऐकायची असायची. हे कुटुंब तिकीट काढून झोपायला येतं, असं आजूबाजूच्यांना वाटत असणार.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण चाललेला पिक्चर कोणाला सोडवतो? तिसऱ्या भागात मेलेल्या खलनायकाचा जुळा भाऊ निघाला. पाचव्यात मुलगा निघाला, म्हणजे तोच नट मिशी काढून. सहाव्या भागात त्या नटाने हात जोडले, तेव्हा पिक्चरवाल्यांनी त्याचा फोटो भिंतीवर टांगला आणि हिरोने त्या फोटोला दम भरला. उडीचंही तसंच. दुसऱ्या भागात गच्चीची कंपाउंडची भिंत झाली, चौथ्यात जिना आला, सहाव्यात हिरो लिफ्टने उतरला. संगीत मात्र उडीचंच होतं. मला या सगळ्याचा मनापासून राग यायचा. एका चांगल्या गोष्टीत किती पाणी ओतावं याला काही सुमार असतो की नाही? मावशीला त्याचं काही नसायचं. म्हणायची, "गोष्ट वर असते गं. मी खाली बघते."

आणि खरंच ती फक्त खाली बघायची. इतक्या वर्षांत हिरोची आणि तिची कधी गाठ पडली नव्हती. ती कामाला बसायची तोवर तो दुसऱ्या पिक्चरच्या शूटिंगला गेलेला असायचा. पण त्याने कुठल्या भागात नवे बूट घेतले आणि ते त्याला कुठे चावत होते, हे ती बिनचूक सांगायची.

मधल्या काळात मावशीचा डावा गुडघा गेला. हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं, फक्त मावशीला मान्य नव्हतं. आमच्याकडे येताना ती जिन्यात दोनदा थांबायची आणि वर आली की जिना बांधणाऱ्याचा उद्धार करायची. डॉक्टरचं नाव काढलं की फणकारायची. काठीचं नाव काढायची तर आमची कोणाची छाती नव्हती. शेवटी तिला कामावर सोडायचं आणि आणायचं मी माझ्याकडे घेतलं. गाडी शिकल्यापासून मला रस्त्याचा सराव हवाय, असं तिला सांगितलं. तिने माझ्यावर उपकार म्हणून ते चालवून घेतलं.

त्यामुळे आठव्या भागाच्या वेळी मी तिथेच होते. साउंडची ती खोली म्हणजे भिंतींना जाड गाद्या, जमिनीवर वाळू, खडी, फरशी आणि लाकडाचे चौकोन, कोपऱ्यात बुटांचा ढीग. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि दिग्दर्शक. हा दिग्दर्शक या मालिकेतला चौथा. आधीचे तिघे वेळेवर काढता पाय घेऊन सुटले होते. एके दिवशी त्याने घाबऱ्या चेहऱ्याने मावशीला आत बोलावलं आणि शेवटचा प्रसंग लावून दाखवला. हिरो शत्रूचा वाडा जाळून लांबलचक रस्त्याने एकटा चालत जातो, असा तो प्रसंग. संगणकावर त्याच्या सुरकुत्या पुसल्या होत्या, पोट आत घेतलं होतं, चाल सरळ केली होती. पडद्यावर तिशीतला गडी ताठ चालला होता. आवाज मात्र येत होता टक्, घस्स. टक्, घस्स.

झालं होतं असं, की मावशीला मिळालेलं चित्र दुरुस्तीच्या आधीचं होतं. त्यात हिरोचा डावा पाय मागे रेंगाळत होता, आणि ती नेहमीसारखी जसं दिसतं तसं चालली होती. अर्थात तिचाही डावा पाय रेंगाळतच होता. तेव्हा ते घस्स नक्की कोणाचं, हे देवालाच ठाऊक. पण हिरो दुसऱ्या दिवशी स्वतः हा प्रसंग बघायला येणार होता, आणि तुम्ही लंगडता असं त्याला सांगण्याची कोणाची शामत नव्हती. दिग्दर्शकाने मावशीसमोर अक्षरशः हात जोडले. तिने एवढंच म्हणायचं, की गुडघा माझा गेलाय. मग तो संगणकातली तयार पावलं घालणार, सगळं सुरळीत होणार. आणि मावशीचं काय, असं मी विचारलं. त्यावर तो बुटांच्या ढिगाकडे बघत राहिला. गुडघा गेलेल्या बाईकडून कोण पावलं घेणार, हे त्याला बोलून दाखवायची गरज नव्हती.

"माझा गुडघा ठणठणीत आहे," मावशी म्हणाली. "पाय त्याचा गेलाय. उद्या येऊ दे, तोंडावर सांगते."

घरी जाताना गाडीत मला तिची काळजी वाटत होती आणि रागही येत होता. या कामावाचून तिला दुसरं काही नव्हतं, आणि तेच ती एका गुडघ्याच्या हट्टापायी घालवून बसणार असं मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी हिरो आला. मागेपुढे चारपाच माणसं, काळा चष्मा, केस संशयास्पद काळे. मावशीने वर बघितलं आणि तिला काही ओळख पटली नाही. मग तिने त्याच्या बुटांकडे बघितलं आणि तिचा चेहरा घरचं माणूस भेटल्यासारखा खुलला.

प्रसंग लावला. टक्, घस्स. टक्, घस्स. हिरो पुढे वाकून बघत होता. चष्मा कधी काढला ते त्यालाही कळलं नसावं. त्याच्या माणसांनी एकदम फोन काढून त्यांत डोकी घातली. प्रसंग संपल्यावर त्याने फार हळू विचारलं, "मी असा चालतो?"

दिग्दर्शकाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी मावशीकडे बघितलं. आता ही त्याला सोलून काढणार, याबद्दल मला शंका नव्हती. मावशीने आधी त्याच्या पायांकडे, मग, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "माझा गुडघा गेलाय. तो आवाज माझा आहे."

दिग्दर्शकाचा जीव भांड्यात पडला. त्याने खूण करताच रेकॉर्डिस्टने संगणकातली पावलं लावली. टक टक टक टक. एखादा पोरगा सकाळी धावायला निघावा तशी. मला मात्र तिकडे बघवेना. इतकी वर्षं आम्ही डॉक्टर, औषध करत तिच्यामागे लागलो होतो, आणि जे तिने आमच्यापाशी कधी कबूल केलं नाही ते एका परक्या माणसाची लाज राखायला चारचौघांत बोलून टाकलं होतं.

हिरो पडद्याकडे बघतच नव्हता. "बाई, कुठला गुडघा?" त्याने विचारलं.

"डावा."

"माझाही," तो म्हणाला.

मग दोघांचं सुरू झालं. थंडीत त्रास होतो का, जिना चढताना जास्त की उतरताना, सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल कसं पडतं. दिग्दर्शक काचेपलीकडे घड्याळ बघत राहिला. शेवटी हिरो उठला आणि ही पोरकट पावलं काढून टाका म्हणाला. लंगडणार तर लंगडणार. पण मग आपली पावलं आपणच टाकू, अशी त्याला हुक्की आली. आयुष्यभर उड्या दुसऱ्यांनी मारल्या, पावलं दुसऱ्याने टाकली, निदान एवढं तरी आपलं असू दे.

तो खडीत उतरला आणि स्वतःलाच बघत चालू लागला. मावशी कपाळाला हात लावून बसली. पाऊल एकीकडे, आवाज दुसरीकडे. सांभाळून चालला तर लंगडणं निघून जायचं, मुद्दाम लंगडला तर नाटकातला म्हातारा वाटायचा. मावशी त्याला दोनदा रागावली, टाच आधी टेका म्हणून, आणि त्याची माणसं खाली मान घालून हसली. घाम पुसत त्याने रेकॉर्डिस्टकडे बघितलं. रेकॉर्डिस्टने चाचरत सांगितलं, की साहेब, खोटं वाटतंय.

मग मावशी उठली. खुर्चीच्या हाताला धरून उठली, आणि हे ती कोणापासून लपवत नव्हती. बूट चढवले आणि खडीत उभी राहिली. पडद्यावर तो रस्ता पुन्हा सुरू झाला. हिरो तिने रिकाम्या केलेल्या खुर्चीत बसला होता आणि आमच्या घरच्या माणसासारखे त्याने डोळे मिटून घेतले होते. टक्, घस्स. टक्, घस्स. मावशी अगदी शेवटपर्यंत चालली, घाई न करता.

"हं," तो म्हणाला. "हा मी."