दिवस बुडाल्यावरची गुढी

आटपाडीच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा अण्णा खाकी कपड्यांतच आले होते. ते हायस्कुलात शिपाई होते आणि मला सोडून त्यांना घंटा द्यायला पोचायचं होतं. सामान वर टाकून झाल्यावर ते खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "पोचलास की कळव." मी पुढच्या गल्लीत निघालो असतो तरी ते हेच म्हणाले असते. आईने पदराखालून एक छोटा तांब्याचा तांब्या काढून माझ्या हातात दिला. "गुढीला लागंल. तिकडं कुठं शोधत बसशील." मी त्या वेळी नुकताच इतिहासात बी.ए. झालो होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. मस्कतला कसली नोकरी आहे हे त्या दोघांना धड सांगता येत नव्हतं, पण स्टँडवर भेटेल त्याला ते सांगत होते.

तुमच्यापैकी जे गावात राहिले आणि जे माझ्यासारखेच कुठल्यातरी गाडीत बसून निघाले, त्या दोघांसाठी हे लिहितो आहे. अण्णा आता नाहीत. त्यांचं ते वाक्य मात्र प्रत्येक विमानतळावर माझ्याबरोबर उतरतं.

मस्कतच्या रुवी भागातल्या एका ट्रॅव्हल कंपनीत मी काउंटरवर लागलो. आमच्या मालकाला, म्हणजे अर्बाबला, माझ्या इतिहासाच्या पदवीचं कौतुक होतं. मस्कतमधली भारतीय कुटुंबं शाळेच्या सुट्टीत बालीला जाऊ लागली, तेव्हा त्याने मला बोलावलं आणि म्हणाला, "समुद्र आणि माकडं सगळेच दाखवतात. तू इतिहास शिकलास ना? जिल्ह्याजिल्ह्याची माहिती लिही. यल्ला, लाग कामाला." तेव्हापासून बालीचे जिल्हे हे माझं काम झालं. आधी पुस्तकांवरून लिहिलं, मग ग्रुप घेऊन जाऊ लागलो.

क्लुंगकुंगला आलात तर राजाच्या न्यायमंडपाचं छत बघा, असं मी लिहितो. पाप्यांना नरकात काय काय भोगावं लागतं त्याची चित्रं आहेत, आणि आरोपीला बसवत ते बरोबर त्यांच्या खाली. याच राज्यातला शेवटचा राजा डच फौजेसमोर पांढरे कपडे घालून, बायकामुलांसह चालत गेला आणि परत आला नाही. तबाननला भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत. तिथे कुणाच्या शेताला पाणी कधी, हे शेतकऱ्यांची मंडळी देवळात बसून ठरवतात. आमच्या दुष्काळी मुलखातला माणूस ते बघून खाली वाकतो आणि पाटाच्या पाण्यात हात घालतो. ग्यान्यारमध्ये दगड कोरणाऱ्यांची गावं, कारंगासममध्ये आगीच्या डोंगराच्या उतारावरचं मोठं देऊळ, बुलेलेंगला जुन्या बंदरातली डच गोदामं. हे सगळं मी मराठीतही लिहितो, आणि मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या ऑफिसांतले पुण्या-मुंबईचे लोक ते वाचून येतात.

लिहिताना एक गोष्ट कळली आणि मी ती फोनवर आईला सांगितली. बालीचे लोक वर्ष मोजतात ते शकाने, आपल्याच. त्यांचंही नवं वर्ष अमावास्येनंतर सुरू होतं, बहुतेक पाडव्याच्या आसपास. फरक एवढाच की आपण गोडधोड करतो आणि ते त्या दिवशी गप्प बसतात. आदल्या संध्याकाळी बांबू आणि कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस वाजतगाजत मिरवतात, पुष्कळ ठिकाणी जाळतात, आणि दुसऱ्या पहाटेपासून चोवीस तास सगळं बेट बंद. रस्त्यावर कुणी नाही, चूल नाही, दिवा नाही, मोबाइलवर इंटरनेट नाही. विमानतळसुद्धा बंद.

आई म्हणाली, "आपलंच शक व्हय? मग आपल्यातलीच माणसं की ती. पण बोलत का न्हाईत? रुसल्यात?"

अण्णा गेल्यापासून दर पाडव्याला मी आईला व्हिडिओ कॉल करायचो. शेजारच्या सुशीलामावशी सकाळी काठी उभी करून द्यायच्या, आई पूजा करायची, आणि मी रुवीच्या फ्लॅटमधून हात जोडायचो. गुढी घरात एकच, आणि ती आईच्या दारात, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. तिने दिलेला तांब्या आमच्या स्वयंपाकघरात चमचे ठेवायला होता.

मग एका वर्षी पाडवा आणि त्यांचा गप्प राहण्याचा दिवस एकाच तारखेला आले. ग्रुपमध्ये बरीच मराठी कुटुंबं होती आणि सगळ्यांना तो दिवस तिथेच हवा होता. मी आईला आधीच सांगितलं की त्या दिवशी फोन लागणार नाही.

"न्हाई लागंना," ती म्हणाली. "एक दिवस तोंड न्हाई बघितलं तर काय वाळून जातोस का मी वाळते?"

त्या सकाळी आमच्या लोकांनी हॉटेलच्या आतल्या चौकात, मॅनेजरची परवानगी काढून, गुढी उभारली. कुजबुजत आरती म्हटली. चौकड्यांची लुंगी नेसलेला गावचा पहारेकरी फाटकातून आत डोकावला. त्याने काठी बघितली, वरचं रेशमी कापड बघितलं, पालथा तांब्या बघितला आणि आमच्या गाइडला, वायनला, हळूच काहीतरी विचारलं. वायन हसू दाबत माझ्याकडे आला. "तो म्हणतो, तुमचा राक्षस काल जाळायचा राहिला का?"

नंतर मी वायनला विचारलं की सगळं बेट दारं लावून बसल्यावर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बरं वाटेनासं झालं तर काय. तो क्लुंगकुंगच्या एका खेड्यातला. त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "हे पहारेकरी त्याचसाठी फिरतात," तो म्हणाला. "दिवा दिसला तरी येतात. कुठल्या घरात कोण आहे, सणाला कोण घरी आलेलं नाही, त्यांना सगळं माहीत असतं. तुमच्या गावात नसतं?"

मी म्हटलं, असतं. मग मनात आलं, रुवीत?

संध्याकाळ झाली आणि खरोखरच अंधार पडला. असा अंधार मी लहानपणानंतर बघितला नव्हता. बायका-मुलं खिडकीतून चांदण्या बघत होती आणि सगळे फार खूश होते. रात्री नऊ वाजून गेल्यावर मी हिशेब केला की आटपाडीत आता दिवस मावळत असेल, आई गुढी उतरवत असेल. दिवस बुडायच्या आत गुढी उतरवायची, हे तिचं फार कडक असायचं. अण्णांना शाळेतून यायला उशीर झाला की ती दारात उभी राहून त्यांना हाका मारायची. मला काही कळलेलं नव्हतं, तरी जिवाला चैन पडेना. हातातल्या बंद फोनची काच पुसत बसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे इंटरनेट आलं आणि फोन थरथरत राहिला. सगळे निरोप सुशीलामावशींच्या मुलाचे आणि गल्लीतल्या लोकांचे. शेवटी मावशींचा आवाज. "सुध्या, घाबरू नगंस. आईला सांगलीला हलवलंय. मांडीचं हाड मोडलंय. मी हाय हितं."

झालं होतं ते असं. आई गुढी उतरवायला स्टुलावर चढली आणि स्टूल सरकलं. ती भिंत आणि पाण्याच्या टाकीच्या मधे पडली. हाका मारल्या, पण सणाचा दिवस, घरोघर टीव्ही मोठ्याने लागलेले. सुशीलामावशींनी आपली गुढी उतरवली, दिवा लावायला दारात आल्या आणि त्यांनी वर बघितलं. दिवस बुडाला होता आणि आमची गुढी वरच होती. "आई इसरायची न्हाई," त्या मला नंतर म्हणाल्या. "जेवायची इसरंल, पर गुढी न्हाई. म्हणून तशीच पळत आले."

ग्रुप वायनच्या आणि एका सहकाऱ्याच्या हवाली करून मी सिंगापूरमार्गे मुंबईला आणि तिथून सांगलीला गेलो. ऑपरेशन झालेलं होतं. आई पलंगावर पडून म्हणाली, "बोलाय लागली का रं तुझी माणसं?"

ती एकटी राहू शकणार नव्हती. जरा चालायला लागल्यावर व्हिजिट व्हिसावर मी तिला मस्कतला आणलं. माझी बायको मेघा दवाखान्यात नर्स आहे, तिच्या पाळ्या असतात. मुलगी शाळा, मग क्लास. मी काउंटरवर. आई वॉकर धरून फ्लॅटभर फिरायची आणि उरलेला वेळ बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत बसायची. मुलगी तिच्याशी बोलायची, पण तिचं मराठी अडखळतं. "आजी, तू बोअर नाही होत?" आई म्हणायची, "व्हतंय की." दोघी हसायच्या आणि मग पुढे काय बोलायचं ते दोघींनाही सुचायचं नाही. तिला आणून मी तिचं भलं केलं की तिला उपटून आणलं, हे मला रोज नव्याने कळेनासं व्हायचं. तिला तिथे ठेवलं असतं तर सुखाने झोप लागली नसती, आणि इथे आणलं तरी लागत नव्हती.

एक दिवस तिने विचारलं, "हितं आपल्या दाराला कुलूप असलं आणि आत कोण पडलेलं असलं, तर कुणाला कळंल?"

मी म्हटलं, "आम्ही असतो ना, आई."

"तुमचं न्हाई म्हणत. दुसऱ्या कुणाला?"

या इमारतीत मी बारा-तेरा वर्षं राहत होतो. लिफ्टमध्ये सलाम, नमस्कार, हाय, एवढं सगळ्यांशी होतं.

पाडवा आला. तिने चमच्यांचा तांब्या मागून घेतला, चिंच लावून घासला, आणि बाल्कनीच्या कठड्याला माझ्याकडून काठी बांधून घेतली. मस्कतमधली माझी पहिली गुढी. ते रमजानचे शेवटचे दिवस होते. ईदच्या सुट्टीची बुकिंगं, त्यात बालीचे दोन ग्रुप सुटत होते. मी आईला बजावून गेलो की काही झालं तरी गुढीला हात लावायचा नाही, मी दिवस बुडायच्या आत येतो. मेघाची दुपारपाळी होती, मुलगी क्लासला. काउंटरवरून सुटायला मला जमलंच नाही. दिवस बुडालेला मी ऑफिसच्या काचेतून बघितला. फोन केला तर आई उचलेना.

रुवीच्या ट्रॅफिकमधून टॅक्सी कशी आली ते आठवत नाही. जिना चढून आलो तर दार उघडंच होतं. आत आईच्या शेजारी सोफ्यावर एक बाई बसली होती. खालच्या मजल्यावरची नफीसा, रत्नागिरीकडची, नवऱ्याचं मोबाइलचं दुकान. लिफ्टमधली ओळख. गुढी उतरवलेली होती. साडीची घडी झालेली, तांब्या टेबलावर, त्याच्या शेजारी खजुराची वाटी आणि श्रीखंडाची वाटी. आईचा फोन आतल्या खोलीत वाजून वाजून थकला होता.

"या, या," नफीसा म्हणाली. "तुमच्या आईनी मला कामाला लावलंन. काठी अशी धर, गाठ तशी सोड. माझ्या सासूनं कधी एवढं सुनावलं नाय."

"वाकडी धरली हुती हिनं," आई म्हणाली.

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"चांद बघायला बाल्कनीत आले, उद्या ईद होते की परवा ते. चांद दिसायच्या आधी तुमची गुढी दिसली. आमच्या गावात शेजारी समदे हिंदू. दिवस बुडल्यावर गुढी ठेवत नायत हे मला म्हायत आहे. सकाळपासून वर मावशींच्या वॉकरचा आवाज येत होता, मग बंद झाला. म्हटलं, गेली का काय म्हातारी?"

"गेले असते तर तुला गाठी कुणी शिकवल्या असत्या?" आई म्हणाली, आणि साखरेच्या माळेतलं एक पदक मोडून तिच्या हातावर ठेवलं.

नफीसा गेल्यावर मी आईची माफी मागायला लागलो. तिने मला थांबवलं. मग म्हणाली, "सुधीर, आता मला घरी सोड."

मला वाटलं, मी उशिरा आलो म्हणून. तसं नव्हतं. "तू गेलास त्या दिवसापास्नं मला एकच घोर हुता," ती म्हणाली. "ह्यो तिकडं पडला झडला, तर कुणाला कळंल? अण्णा म्हणायचे, पोचलास की कळव. पर पोचल्यावरचं काय? आज बघितलं. कळतंय. माझा घोर गेला. आता मला कशाला ठेवतोस?"

मी इतकी वर्षं समजत होतो की काळजी मी करतो आणि ती करून घेते.

व्हिसा संपला तशी ती गेली. गल्लीतली एक विधवा बाई आता तिच्याकडे झोपायला येते. आई काठी टेकत चालते, आणि स्टूल सुशीलामावशींनी आपल्या घरात नेऊन ठेवलं आहे. मी निर्धास्त आहे असं म्हणणार नाही. मेघा म्हणते, तू तिला जाऊ द्यायला नको होतंस. कधी मलाही तेच वाटतं, कधी नाही. बालीच्या जिल्ह्यांची पानं मी अजून लिहितो, क्लुंगकुंगच्या पानात आता त्या पहारेकऱ्यांबद्दलही लिहिलं आहे. पाडव्याच्या आठवड्यात मात्र मी ग्रुपबरोबर जात नाही.

घर कुठे, असं कोणी विचारलं की पूर्वी मी चटकन आटपाडी म्हणायचो. आता जरा थांबतो. माझी गुढी उशिरापर्यंत वर राहिली तर जिथे कुणाच्या तरी जिवाला चैन पडणार नाही, अशा जागा मोजतो. दोन भरतात. एक जन्माने मिळाली आणि दुसरी एका बाईने चंद्र बघता बघता दिली.

यंदाच्या पाडव्याला सकाळी फोन केलाच, पण आटपाडीत दिवस कलला तसा पुन्हा केला. आईचा फोन सुशीलामावशींनी उचलला.

"उतरवली रं, उतरवली. आई हात धुवाय गेलीया. तू उतरवलीस का?"

मी बाल्कनीत येऊन कठड्यावरून वाकलो. रुवीवर अजून लख्ख ऊन होतं, गुढी वर होती, आणि खालच्या बाल्कनीत नफीसा दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती.

"इथं अजून दिवस आहे, मावशी."

"मग ठेव फोन," त्या म्हणाल्या, "आणि ध्यान ठेव."