कार्ला फाट्यावर चुकलेले वळण

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी आमच्यासोबत धावणारा फिटर कार्ला फाट्यावर डावीकडे वळायचे विसरला आणि जुन्या महामार्गाने सरळ लोणावळ्याच्या दिशेने निघून गेला. मागून दोनदा हाका मारल्या. त्याला ऐकू गेल्या नाहीत.

आम्ही तिघे होतो. फिटर तळेगावजवळच्या एका कारखान्यात देखभालीचे काम करतो. गाव बेडशाच्या लेण्यांखालचे, बिऱ्हाड तळेगावात. दुसरे चाचा. साठीला आलेले, वडगावात बेकरी, आमच्यात सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत नियमित. तिसरा मी, पुण्यातल्या एका वृत्तपत्राच्या डेस्कवर काम करतो. रविवारचा रस्ता ठरलेला होता. तळेगावातून निघायचे, वडगावला चाचांना घ्यायचे, कामशेतची खिंड चढायची, कार्ला फाट्याला डावीकडे वळून मळवली आणि पुढे भाजे. तिथे चहा घ्यायचा आणि मळवलीहून लोकलने परत यायचे.

त्या आठवड्यात फिटरला एक उत्तर द्यायचे होते. त्याच्या थोरल्या बहिणीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि ती डायलिसिसवर होती. आईला मधुमेह, त्यामुळे आईची किडनी चालणार नव्हती. फिटरची जुळली. हो की नाही, हे सोमवारी रुग्णालयात सांगायचे होते. रविवारपर्यंत त्याने घरी काहीच सांगितले नव्हते.

लांब पल्ल्याला पायांना फारसे सांगावे लागत नाही. डोक्याला मात्र काहीतरी द्यावे लागते, नाहीतर ते गुडघ्यापाशी जाऊन बसते. गप्पा खिंडीच्या पायथ्यापर्यंत टिकतात. पुढे ज्याचा तो असतो.

मी आदल्या दिवशीची बातमी पुन्हा लिहितो. अंक छापून, वाटून झालेला असतो, तरी शीर्षकातला एखादा शब्द बोचत राहतो. खिंडीत मी तो काढतो, दुसरा घालतो, मग दुसराही काढतो. कामशेत येईपर्यंत शीर्षक बरे होते आणि त्याचा कुणाला काही उपयोग नसतो.

चाचा भांडतात. त्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचे लग्न ठरले होते आणि बिर्याणीला आचारी कुणाचा आणायचा यावर व्याह्यांशी वाद होता. समोरासमोर चाचा व्याह्यांना एक शब्द बोलत नसत. धावताना सगळे बोलून घेत. मधूनच हात हवेत जायचा.

"काय चाचा, कुठवर आलं?"

"गप केला त्याला. आता माफी मागतोय."

"द्या की मग."

"एवढ्यात? अजून भाजं लांब हाय."

फिटर स्टेशने म्हणायचा. तरुणपणी तो लोकलने पुण्याला आयटीआयत जात असे. शिवाजीनगर, खडकी, दापोडी असे करत तो मनातल्या मनात लोणावळ्याकडे निघायचा. नियम त्याचा त्यानेच केलेला होता: त्या स्टेशनावरचा नळ, बाकडे, पूल, वडापावचा गाडा, सगळे डोळ्यासमोर आल्याखेरीज गाडी पुढे सोडायची नाही. त्यामुळे आम्ही कान्ह्याला असलो तर तो पिंपरीत असायचा. त्यावरून आमच्यात एक पद्धत पडली. धावताना कुणी कुणाला काय विचार चालला आहे असे विचारायचे नाही. विचारायचे ते एवढेच, "कुठं आहेस?" फिटर स्टेशन सांगायचा. स्टेशन सांगितले म्हणजे ठीक आहे.

त्या रविवारी खिंडीत मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "कासारवाडी." कामशेतला विचारले तेव्हाही कासारवाडीच. नंतर मी विचारले नाही. रस्त्यावर लोणावळ्याला निघालेल्या गाड्यांची गर्दी सुरू झाली होती. हॉर्न वाजवत त्या अगदी कडेने जात होत्या. फिटरचा वेग वाढत गेला. फाट्यापाशी तो आमच्या बराच पुढे होता.

चाचा फाट्यावरच थांबले. मी त्याच्या मागे गेलो आणि वाकसईच्या अलीकडे त्याला गाठले. मला दम लागला होता. नेहमीचा प्रश्न तोंडातून गेला.

"कुठं आहेस?"

"ताईपाशी," तो म्हणाला. मग इकडेतिकडे पाहिले. "फाटा गेला व्हय?"

"केव्हाच."

आम्ही चालत मागे आलो. चाचा एका टपरीच्या बाकावर बसले होते. त्यांनी फिटरला पाण्याची बाटली दिली.

"लोणावळ्याला चिक्की आणायला चाललाता का रं? सांगायचं तरी. आमी बी आलो असतो."

फिटर हसला नाही. बाटली हातात धरून उभा राहिला.

"आई म्हणली, तू न्हाई म्हणालास तरी मी काय बोलणार न्हाई. दोघं बी माजीच," तो म्हणाला. "त्यापरीस शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

"घाबरतोस?" चाचांनी विचारले.

"कापायला न्हाई घाबरत, चाचा." तो थांबला. "ताई तितं मशीनला लागून पडलीय. आन मी इचार कशाचा करतोय? तर पुढं मला पळता येईल का. चार दिवस झालं, दुसरं काय डोक्यात येतच न्हाई. कामावर बी त्येच, जेवताना बी त्येच."

"डॉक्टरला विचारलंस?" मी म्हणालो.

"कुठल्या तोंडानं इचारू?"

"ह्याच," चाचा म्हणाले. "मला बघ. पोराचं लगीन हाय आन मी महिनाभर बिर्याणीवर भांडतोय. डॉक्टर काय तुला खाणार हाय का? इचार. न्हाई म्हणला तर मग बस रडत."

टपरीवाल्याने चहा आणून ठेवला होता. त्या दिवशी आम्ही भाज्याला गेलो नाही. तिथूनच मळवलीला चालत गेलो. लोकलमध्ये फिटर दारात उभा राहिला.

सोमवारी त्याने डॉक्टरांना विचारले. काही महिने धावणे बंद, त्यानंतर तपासण्या करून हळूहळू सुरू करता येईल, असे उत्तर मिळाले. तिथेच त्याने हो म्हटले. त्याच्या बायकोने चार दिवसांनी संमती दिली. शस्त्रक्रियेची तारीख ठरली आणि बहिणीला ताप आल्याने पुढे ढकलली गेली. नवी तारीख अद्याप मिळालेली नाही. चाचांच्या मुलाचे लग्न झाले. आचारी व्याह्यांचाच होता.

फिटर रविवारी येतो. फोन आता हातात धरून धावतो, रुग्णालयातून कधीही बोलावणे येऊ शकते म्हणून. फोन वाजला की आम्ही तिघेही थांबतो. आतापर्यंत एकदा कारखान्यातून आला, दोनदा बायकोचा, भाजी कोणती करू म्हणून.

मागच्या रविवारी खिंड उतरल्यावर मी त्याला विचारले, "कुठं आहेस?"

"कामशेत," तो म्हणाला.

आम्ही तेव्हा कामशेतमध्ये होतो.