पुलापर्यंतची सहल

सौदीतल्या अल-खोबरच्या उन्हाळ्यात सहल म्हणजे काय, तर दिवस मावळला की गाडीत बसायचं, एसी लावायचा आणि दुसऱ्या एसीत जाऊन उतरायचं. समुद्रकाठी रात्रीसुद्धा चष्म्यावर वाफ धरते. आम्हाला सवय झाली आहे. बाबांना ती काही होईना.

आई गेल्यावर मी त्यांना जवळजवळ उचलूनच इथं आणलं होतं. एकुलती एक लेक मी. रत्नागिरीकडच्या आडगावात, माडपोफळींच्या बागेत ते एकटे, या विचारानं माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. व्हिजिट व्हिसावर आले, पासपोर्ट मी माझ्या कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवला. हरवला असता तर कोण निस्तरत बसणार होतं?

बाबा पहाटे उठत आणि हॉलमध्ये दिवा न लावता बसून राहत. टीव्ही नको, पेपर नको. नातू इंग्रजीत काहीतरी विचारायचा, ते नुसती मान हलवायचे. जेवण निम्म्यावर आलं होतं. "मी जातो आता, बाग ओसाड पडेल," असं चार-दोन दिवसांनी म्हणायचे आणि मी भडकायची.

"तिकडं रात्री छातीत दुखलं तर कुणाला हाक माराल? माडाला?"

यावर ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहायचे. त्याचाही मला राग यायचा.

एका शुक्रवारी उन्हं कलल्यावर आम्ही त्यांना अल-अहसाच्या खजुराच्या बागांत नेलं. दीडेक तासाचा रस्ता, दोन्हीकडं नुसती वाळू, आणि मग एकदम हिरवंगार. नवऱ्याच्या ओळखीतल्या एका सौदी माणसाची बाग होती, राखायला बिहारकडचा एक वयस्क माळी. पाटाचं पाणी दिसताच बाबांनी चपला काढल्या, लेंगा वर खोचला आणि सरळ पाटात उतरले. पाटात गाळ साचला होता. माळ्याच्या हातातलं फावडं घेऊन बाबा तो उपसायला लागले.

"अहो बाबा, घाम बघा किती आलाय! या वर!"

पण ऐकतंय कोण! दोघं मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत अंधार पडेपर्यंत राबत होते. त्या रात्री बाबा मागून मागून चपात्या जेवले आणि सकाळी चांगलं ऊन वर येईपर्यंत झोपले. मला वाटलं, सुटला प्रश्न! दर शुक्रवारी इथं आणायचं की झालं.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या व्हिसाचे तीन महिने भरत आले. त्यावर इथल्या लोकांची ठरलेली रीत आहे. आईवडिलांना गाडीत बसवून बहारीनच्या पुलावर न्यायचं, पलीकडच्या देशात पाऊल टाकायचं आणि परत फिरायचं, की पुढचे तीन महिने मिळतात. मीही थालीपिठांचा डबा भरला, थर्मासमध्ये चहा घेतला, पर्समध्ये पासपोर्ट टाकला. नवरा कामावर होता, गाडी मीच काढली. बाबांना म्हटलं, "चला, समुद्रावर फिरून येऊ." अर्थात, त्यांना सगळं ठाऊक होतं. शेजारणीच्या सासूला असंच 'फिरवून' आणलेलं त्यांनी पाहिलं होतं.

पूल दिसायला लागला तेव्हा ते बोलले.

"तो माळी आहे ना बाय, कित्येक वर्षांत घरी गेला नाय. पासपोर्ट कफिलाच्या कपाटात. त्यानं जा म्हटलं तरच जायचं."

"असतात असे कफील. व्हिसा देणारे ते, नोकरी त्यांची, मर्जी त्यांची," मी म्हटलं.

"मला विचारत होता, बाबूजी, तुमचा कफील कोण?"

मी गाडीचा वेग कमी केला.

"मी सांगितलं, माझी लेक."

आणि हसले. टोमणे मारणं त्यांच्या स्वभावातच नाही, म्हणून तर ते काळजात घुसलं.

"बाबा, काय बोलता हे! मी तुमच्या भल्यासाठी..."

"भल्यासाठीच गो. नाय कोण म्हणतो?"

मी गाडी कडेला घेतली आणि ढसाढसा रडले. आई गेली तेव्हाही एवढं रडायला सवड मिळाली नव्हती. तुम्हाला पाठवलं तर गावाहून पुढचा फोन कसला येईल, याची मला भीती वाटते, हे मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा नीट सांगितलं. इतके दिवस नुसती ओरडत होते. बाबा पाठीवरून हात फिरवत राहिले.

"ते काय इथं चुकणार आहे? तिथं निदान हाताला काम असेल."

मी पर्समधून पासपोर्ट काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात घातला, बटण लावलं आणि थालीपिठांचा डबा उघडला. पुलावर न चढताच आम्ही घरी आलो.

मी अजूनही म्हणते, एकट्या म्हाताऱ्या बापाला जवळ ठेवायचं म्हणणाऱ्या लेकीचं चुकतं काय? झोप माझी अजूनही मध्येच मोडते.

बाबा निघाले त्या दिवशी दमामच्या विमानतळावर काउंटरवरच्या माणसानं त्यांचा पासपोर्ट मागितला. सवयीनं माझा हात पर्सकडे गेला. बाबांनी केव्हाच खिशाचं बटण काढलं होतं.

आत जाताना ते म्हणाले, "डिसेंबरात ये गो बाय. तिथं यायला तुला कुणाला विचारावं लागणार नाय."

आणि मागं न बघता गेले.